मुलींची पाळी, शाळा आणि आपलं खारं पाणी

विषय पाळीचा आहे, त्यामुळे आधीच सांगून ठेवतो: समोर बसलेल्या पुरुष मंडळींनी मोबाइलमध्ये डोकं घालायची गरज नाही. आज पैशांचं, पाण्याचं, संडासाच्या कडीचं आणि हिशोबाचंच बोलणं जास्त आहे. त्यातलं बरंचसं तुमच्याच अखत्यारीत येतं.

सुरुवात एका आकड्यापासून करू. "पाळी सुरू झाली की आपल्या देशात तेवीस टक्के मुली शाळा सोडतात." हे वाक्य तुम्ही ऐकलेलं आहे. भाषणात, वर्तमानपत्रात, २८ मेच्या मासिक पाळी स्वच्छता दिनाच्या फलकावर. ते आलं कुठून? २०१० साली एसी नील्सन आणि प्लॅन इंडिया यांनी केलेल्या एका पाहणीतून. त्याच पाहणीत असंही होतं की देशातल्या फक्त १२ टक्के बायका सॅनिटरी पॅड वापरतात. आता त्याच्या शेजारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ठेवा. २०१५-१६च्या चौथ्या फेरीत १५ ते २४ वयाच्या ५७.६ टक्के मुली-बायका स्वच्छ साधन वापरत होत्या, आणि २०१९-२१च्या पाचव्या फेरीत ७७.३ टक्के. ग्रामीण भागातही ७२.३. दोन्ही पाहण्यांत वयोगट वेगळा, व्याख्या वेगळी, हे मान्य. पण १२ वरून पाच-सहा वर्षांत ५७? एवढी उडी खरंच झाली असेल, की पहिलं मोजमापच कच्चं होतं? आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे. तरी १२ आणि २३ हे दोन आकडे अजून फिरताहेत, कारण ते फलकावर शोभून दिसतात.

तुम्ही म्हणाल, आकडा थोडा इकडेतिकडे, बिघडलं काय? काम तर चांगलंच आहे ना. बिघडतं ते असं. "मुली पाळीमुळे शाळा सोडतात" हे एकदा धरून चाललं की उपाय आपोआप ठरतो: पॅड वाटा. मग नवी संस्था निघते, चार उत्साही पोरं-पोरी देणगी गोळा करतात, पॅडची खोकी घेऊन शाळेत जातात, फोटो निघतो, अहवालात "इतकी पाकिटं वाटली" असं येतं. सहा महिन्यांनी त्या शाळेत काय बदललं, ते कोणी बघत नाही. आज इथे अशी कामं करणारे आणि करू पाहणारे बरेच जण आहेत म्हणून हे मुद्दाम बोलतोय. टीका म्हणून घेऊ नका.

हीच गोष्ट आफ्रिकेत जरा वेगळ्या पद्धतीने झाली, आणि तिथून शिकण्यासारखं आहे. केनिया, युगांडा, घाना इकडे गेल्या पंधरा-वीस वर्षांत मुलींच्या पाळीवर काम करणाऱ्या बऱ्याच लहान संस्था उभ्या राहिल्या. युगांडात मसाका भागात २०१० साली आफ्रिपॅड्स नावाचा उद्योग सुरू झाला. धुऊन पुन्हा वापरायचे कापडी पॅड गावातल्याच बायकांकडून शिवून घ्यायचे, ही कल्पना. केनियाने तर २००४ मध्येच पॅडवरचा कर काढला. आपल्याकडे २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा पॅडवर १२ टक्के लागला आणि वर्षभर ओरड झाल्यावर जुलै २०१८ मध्ये तो गेला. म्हणजे या एका बाबतीत केनिया आपल्या चौदा वर्षं पुढे होता.

पण महत्त्वाचं म्हणजे तिथे काही अभ्यासकांनी एक साधा प्रश्न विचारला: साधन दिल्यावर मुलगी खरंच जास्त दिवस शाळेत येते का? हे तपासायची रीत अशी. मुलींचे किंवा शाळांचे चिठ्ठी टाकून दोन गट करायचे, एकाला साधन द्यायचं, दुसऱ्याला लगेच द्यायचं नाही, आणि मग दोघांची हजेरी ताडून बघायची. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला लागत नाही. अर्ध्या वावरात नवं बियाणं, अर्ध्यात जुनं, आणि पाणी-खत सारखं. दुसरं काय?

पहिला मोठा धक्का आपल्या शेजारच्या नेपाळातून आला. चितवन जिल्ह्यातल्या चार शाळांत १९८ मुलींवर एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्नटन यांनी असा प्रयोग केला. साधन होतं मेन्स्ट्रुअल कप. निष्कर्ष २०११ साली छापून आले. पाळीमुळे मुलींची शाळा बुडत होती, पण किती? वर्षाकाठी अर्ध्या दिवसाहूनही कमी. कप दिल्यावर हजेरीत फरक पडला नाही. कप मुलींना आवडला, त्यांनी वापरला, कपडे धुण्याचा वेळ वाचला. हजेरी मात्र तिथल्या तिथे.

केनियातल्या सियाया भागात तीस प्राथमिक शाळांत कप, पॅड आणि काहीच नाही अशी तुलना झाली. २०१६ मध्ये निकाल आले. शाळा सोडण्याच्या प्रमाणात फरक नाही. मात्र कप किंवा पॅड मिळालेल्या मुलींत लैंगिक संबंधांतून होणारे संसर्ग कमी आढळले. हे कसं, याचं एक उत्तर अंगावर काटा आणणारं आहे: त्याच पश्चिम केनियात पंधरा वर्षांच्या दहातल्या एका मुलीने पॅडच्या पैशांसाठी शरीरसंबंध ठेवल्याचं सांगितलं होतं. म्हणजे पॅडमुळे जे वाचलं ते हजेरीच्या वहीत कधीच दिसलं नसतं.

युगांडातल्या कामुली जिल्ह्यात आठ शाळांत आफ्रिपॅड्सचे पॅड, वयात येण्याबद्दलचं शिक्षण, किंवा दोन्ही, अशी तुलना झाली. जिथे काहीच दिलं नाही तिथल्या मुलींची हजेरी जास्त घसरली. बाकी ठिकाणी कमी घसरली. नुसतं नीट शिकवलं तिथेही. शाळा आठच, त्यामुळे यावरून फार मोठं बोलू नये.

आता या सगळ्याचा अर्थ "पॅड देणं फुकट आहे" असा काढू नका. कुणी काढला तर तो आमच्या नावावर खपवू नका. अर्थ इतकाच की "शाळा सुटते" हे एकच कारण पुढे करून पॅड वाटले तर एक दिवस कुणीतरी हिशोब मागेल आणि आपल्याकडे उत्तर नसेल. मुलीला दिवसभर ओलं, घासणारं, वास मारणारं फडकं घेऊन बाकावर बसावं लागू नये, यासाठी वेगळं कारण लागतं का? आमच्या मते नाही. माणूस म्हणून एवढं पुरेसं आहे.

भारताचं काय? २०१६ साली १३८ अभ्यासांचा एकत्र आढावा छापला गेला. त्यात साधारण एक चतुर्थांश मुलींनी पाळीत शाळा बुडते असं सांगितलं. शाळा "बुडते", "सुटते" नव्हे. या दोन क्रियापदांतला फरक भाषणांत हरवतो. आणि त्याच आढाव्यातली दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते: पहिली पाळी येण्याआधी पाळी म्हणजे काय हे माहीत असलेल्या मुली जेमतेम निम्म्या. बाकी निम्म्यांना एके दिवशी रक्त दिसतं, आणि आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय असं वाटतं. इथे पॅडची खोकी काही करू शकत नाहीत. इथे पाचवी-सहावीत एक तास लागतो, आणि तो घेणारी बाई लाजणारी नसावी लागते.

आता बुलढाण्याकडे येऊ.

आपल्याकडे पाळीला शब्द किती आहेत बघा. अडचण, बाहेर बसणं, बाजूला असणं, कावळा शिवला. सगळे आडून बोलणारे. याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून बाईवर लादलेल्या नियमांचा जाहीर हिशोब मागितला होता. त्या गावात आज आपण 'पाळी' हा शब्द माइकवर म्हणताना आवाज खाली आणतो. असो.

जिल्हा एकसारखा नाही, हे पहिलं लक्षात घ्या. बुलढाणा-चिखली घाटावर, खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर घाटाखाली, जळगाव जामोद आणि संग्रामपूर पार सातपुड्याच्या पायथ्याला, जिथे भिल्ल, भिलाला, कोरकू वस्त्या आहेत. आणि पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतली शेकडो गावं त्यात येतात. या पट्ट्यातल्या पाण्याची चर्चा मूत्रपिंडाच्या आजारांसाठी होते, आणि व्हायलाच हवी. पण हेच पाणी पाळीच्या कपड्याला काय करतं, हे कुणी विचारत नाही.

बाहेरून येणारी संस्था कापडी पॅड घेऊन येते. स्वस्त, कचरा नाही, दोन-तीन वर्षं टिकतो. सगळं खरं. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: साबणाने स्वच्छ धुवा, उन्हात वाळवा. आता खाऱ्या, जड पाण्यात साबण लावून बघा. फेस येत नाही. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं आणि पांढरट चिकट साका तयार होतो. तो कपड्याच्या धाग्यात राहतो. चार-सहा महिन्यांत पॅड कडक होतो, शोषून घेणं कमी होतं, मांड्यांना घासतो. मुलगी म्हणते, "मॅडम, तो रुततो." आणि पेटीत टाकून जुन्या साडीच्या घडीकडे परत जाते. दोष तिचा नाही, पॅड शिवणाऱ्याचाही नाही. या गावांत धुण्याची पावडर वापरायला सांगावं लागतं, कारण जड पाण्यात ती साबणापेक्षा बरी चालते. रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात सोडवावा लागतो, कारण गरम पाण्याने तो पक्का बसतो. आणि शेवटचं खंगाळणं नळाच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्यात. एवढी तीन वाक्यं चिठ्ठीत वाढवली तर पॅडचं आयुष्य वाढतं. पण ती वाढवायला आधी गावातलं पाणी तोंडात घेऊन बघावं लागतं.

उन्हाचंही तेच. उन्हात वाळवा म्हणणं सोपं. दोरीवर वाळत घातलेला पॅड आजोबांना, दिराला, शेजाऱ्याला दिसणार. म्हणून तो साडीखाली, पलंगामागे, पत्र्याच्या आतल्या बाजूला वाळतो, म्हणजे खरं तर वाळतच नाही. ओलसर कापडावर बुरशी धरते आणि मग खाज, चट्टे. काही बायका वर पातळ सुती ओढणी टाकून उन्हात वाळवतात. त्यातून ऊनही लागतं, वाराही. ही युक्ती कुठल्याही पुस्तकातून आलेली नाही, आणि आमच्या मते ती उत्तम आहे.

कापडाला नाक मुरडू नका, हेही सांगतो. पाचव्या राष्ट्रीय पाहणीत ६४ टक्के मुलींनी विकतचे पॅड सांगितले आणि ५० टक्क्यांनी कापड. बेरीज शंभराच्या वर जाते, कारण बऱ्याच जणी दोन्ही वापरतात. शाळेत पॅड, घरी कापड. यात अडाणीपणा नाही, हा हिशोब आहे. पुण्याच्या 'समाजबंध' या संस्थेने, सचिन आशा सुभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हे ओळखून जुन्या सुती कपड्यांपासून 'आशा पॅड' शिवायला घेतले आणि आदिवासी पाड्यांवर ते देताना पाळीबद्दल बोलायलाही सुरुवात केली. दिल्लीच्या 'गूंज'चंही काम याच जातीचं. कापड आपलं, शिलाई आपली, बोलणंही आपलं.

आता पॅडचा हिशोब मांडू. ८ मार्च २०१८ ला राज्य सरकारने अस्मिता योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना ८ पॅडचं पाकीट ५ रुपयांत, बचत गटामार्फत. योजना चांगली होती. बचत गटाच्या बाईला विक्रीचे चार पैसे मिळत आणि मुलीला दुकानदारासमोर उभं राहावं लागत नसे. पण ८ पॅड बघा. पाळी पाच दिवस. शेवटचा दिवस कापडावर काढला तरी चार दिवसांना दोन-दोन. म्हणजे एक पॅड बारा तास. आणि आपणच वर्गात शिकवतो, चार ते सहा तासांनी बदला! नीट वापरायचं तर दिवसाला तीन-चार, म्हणजे महिन्याला पंधरा ते वीस लागतात. त्यातही घरात आई आणि मोठी बहीण असेल तर पाकीट तिघींत वाटलं जातं. योजना पुढे बदलल्या, दर बदलले, पण आजही कुणी "प्रत्येक मुलीला एक पाकीट" म्हणालं की तुम्ही लगेच विचारा: पाकिटात किती, आणि घरात किती जणी?

जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला एक मिळतो. म्हणजे वीस पॅडचे वीस रुपये. पण जनऔषधी केंद्र असतं तालुक्याच्या गावी. पाड्यावरून तिथे यायला एसटीचं भाडं वीस रुपयांहून जास्त. गावातल्या किराणा दुकानात मिळतो तो महागडा, काळ्या पिशवीत गुंडाळून. अंतर हीच खरी किंमत आहे. नव्या संस्थेने स्वतः पॅड बनवायचं यंत्र घेण्याआधी, तालुक्याचे पॅड गावच्या बचत गटापर्यंत दर महिन्याला नेमाने कसे येतील, एवढं जमवलं तरी ते मोठं काम आहे. फोटो चांगला येणार नाही, हे खरं.

कपबद्दल नेहमी विचारतात. केरळात अलप्पुळा नगरपालिकेने २०१९ मध्ये पाच हजार कप वाटले. कप काही वर्षं चालतो, धुवायला पाणी कमी लागतं, महिन्यातून एकदा पाच मिनिटं उकळायचा. २०१९ मध्येच 'लॅन्सेट'च्या सार्वजनिक आरोग्यावरच्या नियतकालिकात ४३ अभ्यासांचा आढावा आला. कप सुरक्षित, गळती पॅडइतकी किंवा कमी. कापूस वेचणाऱ्या, दिवसभर वावरात असणाऱ्या बाईसाठी ही फार सोयीची वस्तू आहे. पण तेरा वर्षांच्या मुलीपासून सुरुवात करू नका. आधी आई, काकू, आशाताई वापरू द्या. घरातल्या बाईने वापरलेली वस्तू मुलगी विश्वासाने घेते. शिवाय "कौमार्य जातं" ही भीती आईच्या मनात असते. तिच्याशी न बोलता मुलीला कप दिला तर तो दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर.

एक गोष्ट पॅडवाले आणि कपवाले दोघेही विसरतात: दुखणं. शाळेत का आली नाहीस, असं मुलींना विचारा. बऱ्याच जणी पॅड नव्हता असं म्हणत नाहीत. पोट दुखत होतं म्हणतात. गर्भाशयाचं आवरण सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, त्याने स्नायू आकसतात, कळा येतात. त्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेली साधी वेदनाशामक गोळी आणि शेकायची पिशवी पुष्कळदा पुरते. पण "बाईच्या जातीला एवढं सोसावंच लागतं" म्हणून मुलीला गप्प केलं जातं. वर अंगात रक्त कमी. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. शाळेत आठवड्याला एक निळी लोहगोळी मिळते. ती दप्तरात जाते की पोटात, हे वर्गशिक्षकाने बघायचं असतं. आणि दर महिन्याला फार दुखत असेल, सात दिवसांहून जास्त जात असेल, तर मुलीला डॉक्टरकडे न्यायचं. थांबायचं नाही.

हे दुखणं दाबून ठेवलं की पुढे काय होतं, याची साक्ष बीडने दिली आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलं की पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. फडात संडास नाही, पाणी नाही, सुट्टी घेतली की दंड. मग पाळीच नको, पिशवीच काढून टाका. ऊसतोडीला आपल्या जिल्ह्यातूनही टोळ्या जातात, आणि त्यांच्याबरोबर तेरा-चौदा वर्षांच्या मुलीही असतात. दिवाळीनंतर त्या शाळेच्या पटावर असतात, बाकावर नसतात. शाळेत वाटलेलं एकही पाकीट त्यांच्यापर्यंत पोचत नाही. टोळी निघण्याआधी, ऑक्टोबरमध्येच, सहा महिन्यांचं साधन हातात देणं हा एकच मार्ग आम्हाला दिसतो. कापडी पॅड किंवा आईला कप, आणि सोबत चड्ड्या. हो, चड्ड्या! पॅड कशाला चिकटवायचा, हा प्रश्न देणगीदार विचारत नाही, कारण त्याच्या घरात तो प्रश्नच नसतो.

शाळेचा संडास शेवटी घेऊ. इमारत बहुतेक ठिकाणी असते. आत पाणी आहे का? आतून कडी लागते का? कुलपाची किल्ली कुणाकडे? किल्ली सरांकडे असेल तर मुलगी सकाळपासून पाणीच पीत नाही, म्हणजे मागायला नको. कडीला पन्नास रुपये लागतात. कचऱ्याचं मात्र अवघड आहे. विकतच्या पॅडमध्ये बराच भाग प्लॅस्टिक असतो. शाळेत बसवलेलं छोटं विजेचं यंत्र ८०० अंशांच्या वर जायला हवं. जात नाही, मग अर्धवट जळून विषारी धूर होतो. जिथे गोळा करणारी गाडी येते तिथे कागदात गुंडाळून वेगळं द्यावं. जिथे येत नाही तिथे, खरं सांगायचं तर, कापड हेच जास्त शहाणपणाचं.

आता प्रश्न घेऊ. एक चिठ्ठी आधीच आली आहे: "तास घेताना मुलांना वर्गाबाहेर पाठवायचं का?" पहिला तास मुलींचा वेगळा घ्या, म्हणजे त्या मोकळेपणाने विचारतील. दुसरा तास सगळ्यांचा एकत्र. मुलांना बाहेर पाठवलं की ती खिडकीत उभी राहतात, आणि मग पुढचे आठ दिवस त्या मुलींचं नाव घेऊन हसतात. आत बसवलं तर पहिली पाच मिनिटं हसतात. नंतर विचारायला लागतात, आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा आपल्या आईबद्दलचा असतो.